अठ्ठावन्न सेकंदांची जागा

१

गाडी चहासाठी थांबली तेव्हा अकरा वाजून दहा मिनिटं झाली होती. ताई पुढच्या सीटवरून उतरल्या, मधल्या दाराशी आल्या, सीटच्या पाठीला असलेल्या खिशातून टॅबलेट काढला आणि उभ्याउभ्याच फिल्मचा शेवट लावला. वॉर्डातली खिडकी दिसली. मोठ्या सिस्टरांचे हात दिसले. मग म्हाताऱ्या घड्याळजींचा चेहरा यायला हवा होता.

आला नुसता काळोख.

ऊन पडद्यावर येत असेल म्हणून ताईंनी काळं फडकं डोक्यावरून ओढलं. फडक्याखालीही काळोखच. टॅबलेटला जोडलेला बोटभर ड्राइव्ह त्यांनी तपासला. त्यात सव्वीस नंबरचा तुकडा होता, एकोणतीस नंबरचा होता. सत्तावीस नव्हता. तो नुसता फिल्ममधून निघाला नव्हता, मुळापासून पुसला गेला होता.

ताईंनी पंचवीस वर्षं बातम्यांचं संकलन केलं होतं. बातमी सातला म्हणजे सातला. त्या धंद्यात घाबरायला वेगळा वेळ मिळत नाही. त्यांनी चहाचा पहिला घोट घेतला आणि हिशेब मांडला. दुपारी चारला, त्याच वॉर्डात, मोठ्या सिस्टरांच्या निरोपाच्या वेळी फिल्म दाखवायची होती. मूळ चित्रीकरणाची दुसरी प्रत स्टुडिओत होती, आणि स्टुडिओ आलेल्या रस्त्याने उलटा चार तास. म्हणजे ती असून नसल्यासारखी.

फिल्म कुणी करायला सांगितली नव्हती. सहा वर्षांपूर्वी ताईंचा उजवा हात लुळा पडला होता आणि त्या चार महिने त्या वॉर्डात होत्या. मोठ्या सिस्टरांनी त्यांच्या हातात कपडे वाळत घालायचे चिमटे दिले होते. "रोज शंभर वेळा उघडा. एकशे एकाव्या वेळी मला शिव्या द्या." आज त्या हाताच्या बोटांत टॅबलेटची पेन्सिल धरता येत होती, ती त्या चिमट्यांमुळे. फिल्म म्हणजे त्या हाताने केलेला नमस्कार होता.

आणि सत्तावीस नंबरचा तुकडा दुसऱ्याच कुणाचा होता. तीन आठवड्यांपूर्वी तो घेतला तेव्हा घड्याळजी, जन्मभर घड्याळं दुरुस्त केली म्हणून हे नाव, वॉर्डात पडून होते. अर्ध्या अंगावरून वारं गेलेलं, दिवसाला चार-पाच शब्द बोलायचे, तेही मनात आलं तर. कॅमेऱ्यासमोर एकही शब्द निघाला नाही. चाळीस सेकंद नुसते बघत राहिले. दहा दिवसांपूर्वी ते गेले. परवा त्यांच्या मुलीचा फोन आला होता.

"ताई, बाबांचा आवाज नसेल ना कुठे आलेला?"

"नाही गं. चेहरा आहे. चाळीस सेकंद."

"चालेल," ती म्हणाली होती. "चेहरा तर चेहरा. मी सुट्टी टाकून येते."

ती आज चारला पहिल्या रांगेत बसणार होती.

गाडीत पाच माणसं होती. त्यांतल्या एकाने तो चेहरा पुसला होता.

२

चालत्या गाडीत संकलन करायची ताईंची एक रीत होती. मांडीवर उशी, उशीवर टॅबलेट, कोपर दाराला टेकलेलं. वळणावर कापायचं नाही, सपाटीवर कापायचं. आणि ड्रायव्हर मामा खड्डा दिसला की ओरडायचे, "उचल!" ताई पेन्सिल उचलायच्या, गाडी आपटायची, पेन्सिल पुन्हा खाली. चार वर्षांत मामांचा एकही खड्डा चुकला नव्हता, म्हणजे ओरडायचा. आपटायचे सगळेच.

आज घाटाच्या वळणांवर मात्र ताईंना मळमळायला लागलं. साडेनऊला त्या गोळी घेऊन पुढे मामांशेजारी गेल्या आणि झोपल्या. टॅबलेट आपल्या जागी, सीटमागच्या खिशात ठेवून. मधल्या रांगेत डाव्या खिडकीशी दिग्दर्शिका, उजव्या खिडकीशी कॅमेरावाले अण्णा. मागे सामानावर आडवा पडलेला साउंडवाला, ज्याला सगळे कानसेन म्हणत. हात लांबवला तर टॅबलेट तिघांनाही मिळण्यासारखा होता.

दिग्दर्शिका ताईंची नणंद. दोघींची पन्नाशी उलटली तरी ताई तिला चिडवायला 'वन्सं' म्हणत.

"वन्सं, सत्तावीस नंबर गेलाय."

"कुठे गेला?"

"तेच विचारतेय."

नणंदेने चहाचा कप खाली ठेवला. "माझ्याकडे असं बघू नकोस, वहिनी. काल मी म्हटलं होतं की तो शॉट नको. अजूनही म्हणते. माणूस आजारी होता, हो-नाही सांगायच्या अवस्थेत नव्हता. पण मी भांडते ते तोंडावर भांडते. तीस वर्षं तुझ्याशी तोंडावर भांडतेय, आत्ताच चोरून कशाला भांडू?"

यात तथ्य होतं. तीस वर्षांचा पुरावा ताईंकडेही होता.

"झोपली होतीस?"

"शाल तोंडावर घेऊन. दादाच्या फोनने जागी झाले. आधीच जाऊन बसलाय तिथे. म्हणे त्या वॉर्डातल्या घड्याळाच्या भरवशावर राहिलो तर आजही काहीतरी चुकेल. तू आत होतीस तेव्हा रोज सहा पाचची बस त्याच्या डोळ्यांदेखत जायची, आठवतं? चार महिने त्या घड्याळाला शिव्या घालत होता."

ताई हसल्या नाहीत. त्या टॅबलेटकडे बघत होत्या. पडद्याच्या कडेला एक गोल चक्री असते. ती बोटाने फिरवली की चित्र पुढेमागे सरकतं. ती हवी तर उजवीकडे ठेवता येते, हवी तर डावीकडे. ताईंची कायम उजवीकडे. चिमट्यांनी परत मिळवलेल्या हाताकडे.

आत्ता ती डावीकडे होती.

टपरीच्या बाकावर कानसेन बसला होता. चहाही डाव्या हाताने, बिस्किटही डाव्या हातानेच.

३

"माझंच नाव येणार, माहिती होतं," कानसेन म्हणाला. गाडी पुन्हा निघाली होती आणि ताई मागे त्याच्याजवळ येऊन बसल्या होत्या. "कार्ड बिघडलं तरी मी, तुकडा गेला तरी मी. गाडी पंक्चर झाली की सांगा, त्याचाही खुलासा देतो."

कार्डाची गोष्ट अशी. घड्याळजींना घेतलं त्या दिवशी शेवटचा शॉट होता सिस्टर लांब व्हरांड्यातून चालत जातात असा. अण्णांनी खास मेहनत घेऊन लावलेला. संध्याकाळी अण्णांनी जाहीर केलं की कॅमेऱ्याचं कार्ड बिघडलं, सत्तावीस नंबरपर्यंतचं कसंबसं वाचलं, व्हरांडा गेला. कार्डं आणायचं, पुसून तयार ठेवायचं काम कानसेनचं. तीन आठवडे त्याला तेच ऐकावं लागत होतं.

"सूड उगवायचा तर मी आवाज खराब करीन, ताई. चित्राशी माझं काय भांडण?"

"डावखुरा आहेस."

"आहे. पण तुमच्या टॅबलेटवर मी कधी काम केलंय? मला त्यातलं ओ की ठो कळत नाही. आणि खरं सांगू? झोपलोही नव्हतो. कानात हेडफोन घालून कालचा आवाज तपासत होतो. डोळे बंद होते, एवढंच."

"म्हणजे बाहेरचं काही ऐकू आलं नाही."

"हेडफोन म्हणजे हेडफोन." त्याने पुढच्या सीटकडे मान केली. "त्या कार्डाबद्दल मात्र विचारा अण्णांना. मी तीनदा मागितलं. म्हटलं, बिघडलं तर बिघडलं, बघू तरी द्या, कधी कधी दुरुस्त होतं. म्हणाले, फेकून दिलं. अण्णा साधा रबर बँड फेकत नाहीत."

अण्णा पुढे उजव्या खिडकीशी ताठ बसले होते. साठीचे, तीस वर्षं खांद्यावर कॅमेरा घेऊन एक खांदा कायमचा उतरलेला. आजारी माणसं लाल दिवा बघून अवघडतात म्हणून कॅमेऱ्याच्या दिव्यावर काळी चिकटपट्टी लावणारा माणूस. ते वळले नाहीत.

"अण्णा, तुम्हाला तो शॉट आवडला नव्हता ना?" ताईंनी विचारलं.

"फोकस जरा सुटला होता," अण्णा म्हणाले. "पण पुसायचा कशाला? माणूस गेला. गेलेल्या माणसाचं कुणी पुसतं का?" आणि खिडकीबाहेर बघू लागले.

तेवढ्यात पुढून मामा म्हणाले, "ताई, एक विचारू? आज घाटात तुम्ही माझ्याशेजारी झोपला होता ना?"

"हो."

"सवयीनं मी दोनदा 'उचल' ओरडलो. तुम्ही घोरत होता, रागावू नका. पण मागून कुणीतरी 'हं' म्हणालं. दोन्ही वेळा."

४

म्हणजे काम घाटात झालं होतं, चालत्या गाडीत, हलत्या हाताने. 'हं'वरून माणूस ओळखता येत नाही. मामांनाही येत नव्हता. "हं म्हणजे हं," ते म्हणाले. "त्याला काय गाणं असतं?"

ताईंनी उशी मांडीवर घेतली आणि जे त्यांना सगळ्यात चांगलं येत होतं ते सुरू केलं. बघायला लागल्या. माणसांकडे नाही, भोकाकडे.

टॅबलेटच्या झाकणावर आतून त्यांनी आज सकाळी पट्टी चिकटवून लिहिलं होतं: अठरा मिनिटं बरोबर. सिस्टरांच्या कार्यक्रमात तेवढीच जागा होती. आता पडदा सांगत होता, अठरा मिनिटं, अठरा सेकंद आणि वर अकरा फ्रेम.

त्यांनी डोळे चोळले, पुन्हा वाचलं.

तुकडा काढून टाकला की फिल्म लहान होते. ही मोठी झाली होती. चाळीस सेकंद गेले होते आणि त्या जागी काळोख होता अठ्ठावन्न सेकंद, अकरा फ्रेमचा.

"वन्सं, बसमध्ये रुमाल कोण टाकतं?"

"ज्याला बसायचं असतं तो."

"बरोबर. याने रुमाल टाकलाय. पुसून टाकायचं असतं तर भोक बुजवलं असतं. याने जागा धरून ठेवलीय. आणि धरलीय ती अंदाजाने नाही. एका सेकंदात पंचवीस फ्रेम असतात. अकरा फ्रेम कुणी अंदाजाने ठेवत नाही. इथे जे यायचंय ते त्याच्याकडे तयार आहे. त्याने मोजलंय."

 मामांनी गिअर हळू टाकला.

"आता आपल्याकडे नसलेलं चित्रीकरण कोणतं? कॅमेरा दर वेळी बटण दाबलं की पुढचा नंबर देतो. सत्तावीसनंतर दुसऱ्या दिवशी एकोणतीस. मधला अठ्ठावीस. तो बिघडलेल्या कार्डावर होता. आणि ते कार्ड," ताई म्हणाल्या, "तीनदा मागूनही कुणी दाखवलं नाही."

"पण चक्री डावीकडे आहे," कानसेन म्हणाला. स्वतःविरुद्धचा पुरावा सोडवत नव्हता त्याला.

"आहे. डावखुऱ्याने सरकवली असेल. किंवा ज्याचा उजवा हात मोकळा नव्हता त्याने." गाडीने एक लांब वळण घेतलं. ताईंनी हनुवटीने पुढे खूण केली.

उजव्या खिडकीशी, सीटवर, कॅमेऱ्याची पेटी होती. ती बांधून ठेवायला अण्णांचा कुठल्याच पट्ट्यावर विश्वास नव्हता. वळण आलं की त्यांचा उजवा हात आपोआप पेटीवर जायचा, आणि वळण संपेपर्यंत तिथून हलायचा नाही. तीस वर्षं. आत्ताही तो पेटीवरच होता. घाटात तर वळणच वळण.

"अण्णा," ताई हळू म्हणाल्या, "अठ्ठावीस नंबर कुठल्या खिशात आहे?"

५

अण्णांनी डाव्या हाताने शर्टाच्या खिशातून एक छोटी डबी काढली. पूर्वी कानात घालायचा कापूस ठेवायची असेल. तिच्यात कार्ड होतं.

"बिघडलं नव्हतं," ते म्हणाले. "मी बिघडवलं. म्हणजे... नाव बिघडवलं. कानसेनचं."

मग त्यांनी पुढचं सांगितलं. सावकाश, जसं जुनं सामान एकेक करून बाहेर काढतात.

घड्याळजी बोलेनात, म्हणून त्यांनी कॅमेरा बंद केला होता. तसं त्यांना वाटलं. बटणावर बोट दोनदा पडलं. कॅमेरा बंद होऊन पुन्हा चालू झाला. लाल दिव्यावर त्यांचीच चिकटपट्टी. पडदाही त्यांनी मिटला होता. कॅमेरा कॉटशेजारच्या कपाटावर ठेवून ते बाहेर तिपाई लावायला गेले. आले, कॅमेरा उचलला, व्हरांड्यातला शॉट लावला, आणि 'चालू' म्हणून बटण दाबलं ते प्रत्यक्षात बंदचं. सिस्टर चार मिनिटं चालत गेल्या. एक फ्रेम आली नाही.

"पहिल्या वर्षाची पोरं करतात ही चूक," अण्णा म्हणाले. "पहिल्या वर्षाची. माझ्या हाताखाली शिकलेल्या पोरांना मी यावरून हाकलायच्या धमक्या दिल्यात. संध्याकाळी तोंडून निघून गेलं, कार्ड बिघडलं. एकदा म्हटलं की मागे कसं घ्यायचं?"

"आणि अठ्ठावीसमध्ये काय आहे?" नणंदेने विचारलं.

"बघितलंच नव्हतं. लाज वाटायची. मला वाटलं कपाट असेल, छत असेल. आज सकाळी पेटी भरताना ताई सांगत होत्या, ती मुलगी येणार आहे, चेहरा तर चेहरा म्हणाली. तेव्हा बघितलं." त्यांनी डबी हातात फिरवली. "मग राहवेना. म्हटलं, गुपचूप आत घालू. सत्तावीस काढला, कामाच्या भागाच्या बरोबर मापाची जागा केली. टॅबलेटला भोक एकच. ड्राइव्ह काढल्याशिवाय कार्ड लागेना. म्हटलं आधी यादीतला जुना तुकडा बाजूला करू. त्याने काहीतरी विचारलं, बाजूला करू की पुसू. तेवढ्यात मामा ओरडले."

"उचल," मामा खिन्नपणे म्हणाले.

"मी 'हं' म्हटलं. पण उचलायला उशीर झाला. तुकडा पुसला गेल्यावर पुढे हात लावायची हिंमत झाली नाही."

दुसऱ्यांदा चुकीचं बटण. ताईंना हसू आलं, आणि त्यांनी ते दाबलं नाही. अण्णांनी चमकून बघितलं.

"कानसेन," अण्णा मागे वळले, उतरलेल्या खांद्यासकट सगळेच वळले. "तीन आठवडे तुझ्या डोक्यावर माझं खापर फोडत होतो. सगळ्यांसमोर फोडलं, म्हणून सगळ्यांसमोर सांगतो. चूक माझी."

कानसेनने हेडफोन गुंडाळून बाजूला ठेवले. मग म्हणाला, "अण्णा, त्या दिवशी सिस्टरांच्या कॉलरवरचा, कॅमेऱ्यात आवाज पाठवणारा माइक काढायला मी विसरलो होतो. पंधरा मिनिटं. मी पण कुणाला सांगितलं नाही."

ताईंची पेन्सिल हातातच थांबली. "म्हणजे अठ्ठावीसला आवाज आहे?"

"आहे," अण्णा म्हणाले. "म्हणून तर."

६

फडक्याखाली दोन डोकी मावत होती. ताईंनी हेडफोनचा एक कान नणंदेला दिला.

चौकट वाकडी होती. कॉटचा दांडा, घड्याळजींचा अर्धा चेहरा, सिस्टरांचा पांढरा खांदा, मागे भिंतीवरचं गोल घड्याळ. पावलं बाहेर जातात. सिस्टर उशी सारखी करतात. घड्याळजी भिंतीकडे बघतायत. मग तो अर्धा चेहरा हलतो.

"सिस्टर. घड्याळ. पाच... मिनिटं... मागे."

सिस्टर थांबतात. "माहितीये मला."

"मी... दुरुस्त..."

"अजिबात नाही हं. मुद्दाम ठेवलंय." त्या वाकतात, आवाज खाली येतो, कॉलरवरच्या माइकला तो आणखीच जवळून मिळतो. "भेटीची वेळ संपल्याची घंटा याच घड्याळावर होते. तुमची लेक कामावरून धावत येते ना? तिला पाच मिनिटं जास्त मिळतात. सगळ्यांनाच मिळतात. अकरा वर्षं झाली. कुणाला बोलायचं नाही."

घड्याळजी हसतात. एका बाजूनेच येतं ते हसू.

"नाही... सांगणार." मग बराच वेळ काही नाही. चेहरा पुन्हा भिंतीकडे. "पाच मिनिटं... पुष्कळ असतात."

अण्णांचा हात काचेसमोर येतो आणि काळोख होतो. अठ्ठावन्न सेकंद, अकरा फ्रेम.

ताईंनी फडकं काढलं नाही. नणंदेनेही नाही. शेवटी नणंदच म्हणाली, "दादाची बस, वहिनी."

"हं."

"चार महिने. रोज पाच मिनिटं."

ताईंचा हिशेब झालेला होता. दहा तास. नवरा कॉटच्या कडेला बसून चिमटे मोजायचा, मध्येच भिंतीवर बघून म्हणायचा, अजून पाच मिनिटं आहेत, होऊन जाऊ देत आणखी वीस. ते दहा तास कुणीतरी दिले होते, हे त्या दोघांनाही आत्तापर्यंत माहीत नव्हतं.

"हे सिस्टरांना न विचारता दाखवायचं नाही," नणंद म्हणाली. "आणि त्या मुलीला तर थेट सगळ्यांसमोर नाहीच. आधी तिला एकटीला."

"कबूल. पण आधी बसवू तर दे."

एक वाजून पंचेचाळीस मिनिटं झाली होती. ताईंनी चक्री उजवीकडे आणली. अण्णा पुढे मामांशेजारी जाऊन बसले. आता दोघं मिळून रस्ता बघत होते. कानसेनने हेडफोन घालून गाडीच्या घरघरीतच आवाज साफ करायला घेतला. वाढलेले अठरा सेकंद कुठून काढायचे हा प्रश्न होता. अण्णाच म्हणाले, "माझा सुरुवातीचा आकाशाचा शॉट आहे ना, वीस सेकंदांचा? त्यातूनच उडवा."

"अण्णा, तो तुम्ही पहाटे चारला उठून घेतलेला."

"आकाश कुठे पळून जातंय?"

"उचल!" मामा आणि अण्णा एकदमच ओरडले. ताईंनी पेन्सिल उचलली. गाडी आपटली. पेन्सिल खाली आली, बरोबर त्याच फ्रेमवर.

७

घड्याळजींच्या मुलीने व्हरांड्यात उभं राहून ते बघितलं, टॅबलेट दोन्ही हातांत धरून. संपल्यावर तिने हेडफोन काढले नाहीत. "परत," एवढंच म्हणाली. तिसऱ्या वेळी तिने डोळे मिटून नुसतं ऐकलं.

मग ती स्वतःच सिस्टरांना घेऊन आली. सिस्टरांनी बघितलं, कानापर्यंत लाल झाल्या, आणि पदर नसलेल्या गणवेशात पदर शोधू लागल्या.

"दाखवू का?" ताईंनी विचारलं. "तुम्ही नाही म्हणालात तर इथल्या इथे काढते."

सिस्टरांनी मुलीकडे बघितलं. "हिला विचारा."

"मला बाबांचा आवाज सगळ्यांना ऐकवायचाय," मुलगी म्हणाली.

"मग दाखवा. आज पाचला मी चाललेच आहे. आता मला कोण काढतंय?"

चारला कॉट बाजूला सरकवून खुर्च्या लावल्या होत्या. ज्यांना उठता येत नव्हतं त्यांच्या उशा उंच केल्या होत्या. अठरा मिनिटं बरोबर. शेवटच्या काळोखानंतर कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. सगळ्यांची मान भिंतीकडे वळली होती. ताईंचा नवरा डोळे पुसत पुटपुटला, "आणि मी त्या घड्याळाला काय काय बोललो."

वॉर्डाचे डॉक्टर उठले. "हे घड्याळ दुरुस्त करण्याचा अर्ज," ते म्हणाले, "अकरा वर्षं माझ्या कपाटात आहे. तो आज हरवला." आणि बसले.

ताई सिस्टरांपाशी गेल्या. भाषण तयार केलं होतं, ते काही आठवेना. त्यांनी उजवा हात पुढे केला, मूठ मिटली, उघडली, मिटली. सिस्टरांनी ती मूठ आपल्या दोन्ही हातांत धरली. "एकशे एक झाले का?" त्या म्हणाल्या. "शिव्या राहिल्यात तुमच्या."

मागे अण्णा भिंतीला टेकून उभे होते. घड्याळजींची मुलगी त्यांच्यापाशी आली. अण्णांनी आधीच मान खाली घातली. "बाई, तुमच्या वडिलांचा चेहरा माझ्या हातून..."

"काका," तिने त्यांना पुरं बोलू दिलं नाही. "बटण दोनदा दाबलंत, म्हणून आवाज मिळाला मला."

मग तिने एक खुर्ची ओढली आणि भिंतीशी नेली. ती शेवटी घड्याळजींचीच मुलगी होती. खुर्चीवर चढली तेव्हा सगळा वॉर्ड श्वास रोखून बघत राहिला. तिने घड्याळ खाली काढलं नाही. ओढणीच्या टोकाने काचेवरची धूळ पुसली, कडेकडेने, नीट. कान लावून टिकटिक ऐकली. काट्यांना हात लावला नाही.

आणि खाली उतरली. त्या घड्याळात तेव्हा चार वाजून वीस मिनिटं झाली होती.